घरी ट्रकचं व्हील अलाइनमेंट करताना या चुका टाळा

समोर सलग एक्सल असलेल्या ट्रकवर घरी जुळवण्यासारखी गोष्ट एकच, टो-इन, म्हणजे पुढची दोन्ही चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, एक्सलमध्येच घडवलेला असतो. तो वाकवून सुधारण्याचा विचारही करू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ढिल्या भागांवर माप धरणं. चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, वर-खाली आणि आडवं हलवून पाहा. वर-खाली खेळ (ढिलेपणा) आला तर संशय किंग पिन (चाक ज्यावर वळतं तो खिळा) किंवा हब (चाकाचा मधला भाग) बेअरिंगवर. मदतनिसाने ब्रेक दाबून धरल्यावर खेळ थांबला, तर बेअरिंग. आडवा खेळ बहुधा टाय रॉड एंडचा, म्हणजे दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याचा. हे दुरुस्त केल्याशिवाय पाना हातात घेऊ नका, नाहीतर रस्त्यावर माप पुन्हा हलेल.

माप रिमवरून घेऊ नका, रिम किंचित वाकडी असतेच. चाक फिरवत टायरच्या मधोमध खडू लावा आणि स्थिर धरलेल्या खिळ्याने त्यावर बारीक रेघ ओढा. मग ट्रक खाली उतरवा. इथेच बहुतेकजण घाई करतात: जॅकवरून उतरलेली चाकं ताणलेली राहतात. स्टिअरिंग सरळ ठेवून ट्रक काही मीटर पुढे ढकला. मागे घेऊ नका, मागे घेतल्यावर टो वेगळा दिसतो. आता हबच्या उंचीवर दोन्ही रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं जितकं कमी, तितका टो-इन. अनेक जड ट्रकना 1.5 ते 3 मिमी चालतो, पण अंतिम शब्द गाडीच्या मॅन्युअलचा.

टाय रॉड एक्सलच्या मागे असेल तर तो लांबवल्यावर टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलट. रॉडच्या टोकांवरचे दोन्ही क्लॅम्प सैल करून रॉडला पाव फेरी द्या, ट्रक पुन्हा पुढे ढकला, मोजा. क्लॅम्प घट्ट करायचा विसर पडला तर रॉड आपोआप फिरतो. रॉड एंडचा नट काढला असेल तर त्याला अडकवणारी कॉटर पिन नवीच घाला. पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळा, सैल करू नका.

स्टिअरिंग तिरकं राहिलं तर टाय रॉडला हात लावू नका, ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी बदला.

एवढं करूनही ट्रक एका बाजूला ओढत असेल, तर पुढच्या आणि मागच्या हबमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक आला तर कमानपाट्याची पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला किंवा पाटा एक्सलला बांधणारा यू-बोल्ट ढिला असू शकतो. अंतर सारखं असेल तर एखादा ब्रेक चिकटत नाही ना, तेही बघा.