बूट घ्यायला संध्याकाळी जा

उघड्या मैदानावरच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मातीची भांडी विकायला उभी राहिले, तेव्हा मांडणी, किमतीच्या चिठ्ठ्या, सुटे पैसे अशी सगळी तयारी होती. पायात मात्र नवेकोरे, दिसायला देखणे चामडी बूट होते. दुपारी तीनच्या सुमारास टाचेवरचा फोड फुटला. मग खुर्चीतून उठणंच जिवावर येऊ लागलं, आणि मी बसल्या जागेवरून बोलतेय म्हटल्यावर माणसं भांड्यांवर नुसती नजर टाकून पुढे जाऊ लागली.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैल पडतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. एका जागी तासन्‌तास उभं राहिलं की हे काम मंदावतं. पाऊल सुजतं आणि सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी चावायला लागतो. म्हणून बूट घ्यायला दिवस कलल्यावर जा, स्टॉलवर घालणार तेच मोजे घालून. दोन्ही पावलं उभं राहून मोजा. बहुतेकांचं एक पाऊल थोडं मोठं असतं, त्याच्या मापाचा जोड घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण 1 सेंटीमीटर जागा हवी, पण टाच मागे घट्ट बसली पाहिजे. दुकानात मी बूट हातात घेऊन वाकवून पाहते. चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवते.

नव्या माणसांची हमखास फसगत होते ती मऊपणात. हाताला लोण्यासारखा लागणारा सोल दुकानात दोन मिनिटं सुखाचा वाटतो, पण उभ्या वजनाखाली दुपारपर्यंत चपटा होतो. थोडा कडक, दाबल्यावर परत वर येणारा सोल मला जास्त साथ देतो. फोमला पुन्हा फुगायला वेळ लागतो, म्हणून सलग दोन-तीन दिवसांच्या प्रदर्शनाला मी दोन जोड नेते आणि आलटूनपालटून घालते.

मैदान म्हटलं की सकाळचं दव आलं. जाळीचे बूट गवतातून स्टॉलपर्यंत जातानाच भिजतात, आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतात. सुती मोजे घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा घाम सुकवणाऱ्या कृत्रिम धाग्याचे बरे, आणि दुपारी बदलायला एक जोडी जवळ असू द्या. हे मोजे बदलणं मी गर्दीतही चुकवत नाही. बूट भिजलेच तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. शेगडीजवळ ठेवू नका, डिंक सुटतो.

उघड्या सँडल मी सामान उतरवताना कधीच घालत नाही. टेबलाचा पाय बोटावर पडला की पुढचा दिवस गेलाच.

नवा जोड आधी घरात रोज तास-दोन तास वापरा, प्रदर्शनाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. स्टॉलवर पायाखाली जाड रबरी चटई टाका, अधूनमधून टाचा उचला, चार पावलं चाला. कातडी एका जागी चुरचुरली की लगेच तिथे चिकटपट्टी लावा. गिऱ्हाईक समोर असेल तर मी सरळ सांगते, "एक मिनिट थांबा हं," आणि बूट काढते. त्यावर आजवर कुणी रागावून निघून गेलेलं नाही.