ओल्या लाकडाचं पहिलं धनुष्य

ओलं लाकूड तासायला घ्या, वाकवायला घेऊ नका. बाकी सगळं यामागून येतं.

ताजं तोडलेलं लाकूड कुऱ्हाडीला लगेच शरण येतं आणि वाकवलं तर हौसेनं वाकतंही. मात्र वाकलं की तसंच राहतं. धनुष्य ओढताना आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं आणि समोरची पाठ ताणली जाते. ओल्या लाकडाची दाब सोसायची ताकद सुक्याच्या साधारण निम्मी असते, त्यामुळं पोटातले तंतू चुरतात आणि धनुष्याला कायमचं पोक येतं. फांदी तोडली, सुतळी बांधली, संध्याकाळी बाण मारला, हे यात्रेतल्या खेळण्याला ठीक आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीवाल्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करत आलो. साताऱ्याच्या अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, तेव्हापासून पेठेतली पोरं ‘काका, धनुष्य करून द्या’ म्हणत दारात येतात. तिचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकासारख्या कप्प्या असलेलं. ते कारखान्यातच होतं. आपण करायचं ते एका लाकडाचं. आणि मी करून देत नाही, करायला शिकवतो.

लाकूड कुठलं? आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांत धामण मिळते, तिच्यासारखं चिवट लाकूड नाही. कुऱ्हाडीचे दांडे तिचेच करतात. पण पहिल्या धनुष्याला धामण तोडू नका. बांधावरचं सुबाभूळ घ्या. ते तोडलं तरी फुटून येतं, सरळ वाढतं, आणि बिघडलं तर हळहळ वाटत नाही. बाभूळ ताकदीची, पण तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, फोडताना नवख्याचा दम निघतो. जागेच्या मालकाला विचारायचंच. शहराच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणं परवानगी लागते. आंबा, फणस, चिंच, साग यांना गावाकडंही लागते. राधानगरी अभयारण्यातून तर काडीसुद्धा आणायची नाही.

दिवाळीनंतर तोडा. पावसाळ्यात साल केळ्यासारखी सुटते हे खरं, पण त्या दमट हवेत लाकूड वाळायच्या आधी बुरशी धरतं. चार इंच जाडीचं, सहा फुटांहून थोडं लांब, गाठी नसलेलं खोड बघा. सालीवरच्या रेघा वरपासून खालपर्यंत सरळ गेल्या असतील तर आत पीळ नाही. रेघा खोडाभोवती फिरत असतील तर ते झाड सोडून द्या, सरळ दिसत असलं तरी.

घरी आणल्याबरोबर, पाणी प्यायच्या आधी म्हटलं तरी चालेल, दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड थर द्या. टोकांतून पाणी सगळ्यात जोरात निघतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. मग लोखंडी पाचरा ठोकून खोड मधोमध उभं फोडा. करवतीनं चिरू नका; करवत सरळ जाते, तंतू स्वतःच्या वाटेनं जातात. दोन फाळके मिळतील. एक कामाला, एक राखीव.

सालीकडची गोल बाजू ही पाठ. वरची खरबरीत साल कोयत्याच्या पाठीनं खरवडा, आतली पातळ साल वाळेपर्यंत राहू द्या. सालीखालच्या लाकडाला इथून शेवटपर्यंत हत्यार लावायचं नाही. ताण तिथंच येतो, आणि एक तंतू तुटला की धनुष्य तिथूनच उलतं. जे काढायचं ते बाजूंनी आणि पोटाकडून.

आता मापं. आमच्या धंद्यात अजून सूत चालतं, एका इंचात आठ. साडेपाच फुटी माणसाला ६८ इंच लांबी धरा. मधली ४ इंच मूठ, १० सूत रुंद, दीड इंच जाड. तिच्या दोन्ही अंगांना २-२ इंचांत उतार देऊन रुंदी २ इंचांवर न्या. मुठीच्या वर-खाली जे वाकतं त्याला मी पाटाच म्हणतो, ट्रकच्या पाट्यांवरून. पाटा अर्ध्यापर्यंत २ इंच रुंद ठेवा, तिथून टोकाला ४ सुतांवर आणा. जाडी ओल्या लाकडात मुठीजवळ ७ सूत, टोकाशी ५ सूत. वाळल्यावर यातलं बरंच खरवडून काढायचं आहे.

रुंदीला एक सूत जास्तच ठेवा. ओतीव लोखंडाला आम्ही फुटामागं एक सूत आकस धरतो. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, पण २ इंच रुंदीत पाऊण-एक सूत सहज जातं.

कच्चा आकार झाला की पाटा सरळ लोखंडी अँगलला सुतळीनं तीन-चार ठिकाणी बांधा, नाहीतर वाळताना मुरडेल. बंद खोलीत, सावलीत, जमिनीपासून वर ठेवा. ऊन नको, पंखा नको. दर रविवारी अँगलवरून सोडून किराण्याच्या काट्यावर वजन करा आणि पेन्सिलीनं लाकडावरच लिहा. पहिल्या आठवड्यांत वजन धडाधड उतरतं. लागोपाठ दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही की लाकूड हवेच्या बरोबरीला आलं. एवढ्या जाडीला हिवाळ्यात दीड-दोन महिने लागतात. मग मार्च-एप्रिलची कोरडी हवा खाऊ द्या. धनुष्याला १० टक्क्यांच्या आसपास ओल चांगली, आणि ती आपल्याकडं उन्हाळ्यातच मिळते. जुलैत हेच लाकूड हवेतलं पाणी परत पितं, म्हणून पुढचं काम पावसाच्या आत उरका.

पुढचं काम म्हणजे वाकण जुळवणं, आणि खरी कारागिरी इथं आहे. आतली साल हलक्या हातानं खरवडून काढा. आधी दोरीशिवाय: एक टोक जमिनीवर चपलेवर टेकवा, मूठ दाबा, पाटा कुठं वाकतो आणि कुठं काठीसारखा राहतो ते बघा. जाड ठिकाणी रंधा चालवा. दोन्ही पाटे थोडे वाकू लागले की टोकांजवळ गोल कानशीनं तिरक्या खाचा करा, पाठीवर कानस जाऊ देऊ नका. धनुष्यापेक्षा थोडी लांब, ढिली दोरी अडकवा. भिंतीवर लाकडी ठोकळा ठोकून त्यावर मूठ बसवा, खाली कप्पी, दोरी कप्पीतून आणि मध्ये लटकता काटा. भिंतीवर खडूनं आडव्या रेघा मारल्या की डावं-उजवं लगेच दिसतं. लांब उभं राहून ओढा, अगदी ठोकळ्याखाली नको.

नियम एकच कडक पाळा. धनुष्य ३५ पौंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला साधारण १६ किलो जोर लागेल असं, करायचं असेल तर काटा १६ किलोच्या पुढं कधीच जाऊ द्यायचा नाही, मग दोरी चारच इंच खाली आलेली असो. ताण कमी करायचा तो लाकूड काढून, जोर लावून नाही.

जिथं वाकत नाही तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि तिथंच खरवडा. रंधा आता ठेवून द्या. एक्सो ब्लेडचा, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा, तुकडा पुरतो, त्याची कड कानशीनं सपाट करून घ्या. जाडी दहावा भाग कमी झाली तर ताठपणा चौथ्या भागाहून जास्त उतरतो, कारण तो जाडीच्या घनावर चालतो. रुंदीचं तसं नाही. म्हणून पाच-दहा हात मारा, वीसेक वेळा हलकंसं ओढा, मग बघा. नुकतं खरवडलेलं लाकूड आपला बदल लगेच दाखवत नाही. एखाद्या जागी बिजागरीसारखी घडी पडू लागली तर तिला हात लावायचा नाही, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं. घाईचा माणूस नेमका घडीवरच घासतो. दमानं घ्या.

ढिल्या दोरीवर दोन्ही पाटे सारखे आले की आखूड दोरी चढवा, आधी मुठीपासून चार इंचांवर, नंतर सहा. खालचा पाटा एखादं सूत कमी वाकेल इतका ताठ ठेवा, कारण हात मुठीवर दाबतो आणि बाण मध्याच्या वरून सुटतो. मग दोरीची ओढ एकेक इंच वाढवत २८ इंचांपर्यंत या. आपले हात आखूड असतील तर २६ वर थांबा. तिथं ओढून धरून मित्रांना दाखवत बसू नका. दोरी उतरल्यावर टोकं इंच-दीड इंच पोटाकडं वळलेली राहिली तर चिंता नाही.

दोरी डॅक्रॉनच्या धाग्याची. नायलॉन ताणतं आणि बाणाचा जोर खातं.

कडा गोल करून बारीक पॉलिश पेपर मारा, जवसाच्या तेलाचे तीन-चार हात द्या, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. पाठीवरून कापसाचा बोळा फिरवा. कुठं तंतू अडकला तर तिथं चीर आहे, ते धनुष्य ओढायचं नाही. बाण न लावता दोरी सोडू नका, सगळा झटका लाकडातच बसतो. बाण शेतात, मागं मातीचा उंच बांध बघून मारा. पाखरा-सशांवर नाही, तो वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. खेळ संपला की दोरी उतरवा, आणि पावसाळ्यात धनुष्य आडवं दोन खुंट्यांवर ठेवा, भिंतीला टेकवून उभं नको.