पोस्टडॉकचा अर्ज? आधी शिफारसपत्रांच्या मागे लागा

संभाव्यता आणि यादृच्छिक भूमितीतल्या पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरची ठरावीक मुदतीची संशोधन-जागा) परदेशी विद्यापीठांत अर्ज करताय? पुढच्या सप्टेंबरात रुजू व्हायचं, तर बऱ्याच जागांची मुदत आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरातच संपते. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात आणि ती प्राध्यापक परस्पर पाठवतात, म्हणून त्यांना महिनाभर आधी गाठा.

संशोधन-आराखड्यात ‘ब्राउनियन नकाशात रस आहे’ एवढ्यावर भागत नाही. हा नकाशा म्हणजे एक यादृच्छिक पृष्ठभाग. यादृच्छिक चौकोनी जाळ्यांतले चौकोन वाढवत आणि बारीक करत नेले की सीमेला (limit) हाच नकाशा मिळतो, हे ल गाल आणि मिएरमाँ या फ्रेंच गणितींनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं. ते निबंध २०१३ सालचे. त्यापुढचा नेमका कुठला प्रश्न तुम्ही घेणार आणि कुठल्या तंत्राने, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा. वाचणाऱ्यांत या विषयाबाहेरचे गणितीही असू शकतात (हे हमखास विसरलं जातं), तेव्हा एखादी आकृती टाकाच.