गोडी छाटणीनंतर : फेल काढायला फळदिवसाची वाट बघू नका

दिंडोरी-निफाडकडे स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची वाइन करणाऱ्या आणि बाग बायोडायनॅमिक पद्धतीने (चंद्राचं पंचांग आणि शेणाची खतं वापरून केलेली सेंद्रिय शेती) सांभाळणाऱ्या घरांसाठी हे लिहितोय. गोडी छाटणी (घडांसाठीची पावसाळ्यानंतरची छाटणी) होऊन डोळे फुटलेत, परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. बाकी कामं पुढेमागे झाली तरी चालतील, फेल काढणी, म्हणजे जादा कोवळ्या फुटी काढणं, मात्र लांबवू नका.

अशा बागा डावणीने (पानांवर-घडांवर येणाऱ्या बुरशीच्या रोगाने) गेलेल्या मी पाहिल्यात, आणि फवारणी कमी पडली हे कारण क्वचितच होतं. फुटवे पाच पानांवर आले होते, बायोडायनॅमिक पंचांगात फळदिवस (चंद्राच्या राशीवरून फळपिकांच्या कामाला ठरवलेला दिवस) चार दिवसांवर होता, म्हणून मालक थांबले. मजूर त्यानंतरही दोन दिवस उशिरा आले. मधल्या एका रात्री पाऊस झाला. आठवड्यात पानामागे पांढरी बुरशी दिसली आणि घड तपकिरी पडले. फळदिवस एकदा हुकला की पुढचा साधारण नऊ दिवसांनी येतो. तेवढ्यात पानांच्या गच्च दाटीत डावणी घर करते. पंचांग शिंग पुरायला (गाईच्या शिंगात शेण भरून शिंगखत करायला) बघा, फेल काढायला पानं मोजा.

तीन ते पाच पानांवर फेल काढा. दोन काड्यांत चार बोटं अंतर ठेवा. जुळ्या फुटीतली कमजोर फूट आधी काढा. काढलेली फूट सरीत टाकू नका, बागेबाहेर न्या.

माझा एक अंदाज आहे, कागदावर कुठे सापडणार नाही. सकाळी दहानंतरही ओलांड्याजवळच्या (वेलीच्या आडव्या खोडाजवळच्या) पानावर दव असेल, तर बाग दाट आहे. त्या दिवशी पानं उलटून बघाच. वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरं दिसलं, तर उशीर झालाय.

बोर्डो पावसाआधी मारा, नंतर नाही. कोवळ्या फुटीवर अर्धा टक्का पुरे: 100 लिटर पाण्याला अर्धा किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि तेवढाच चुना. द्रावणात विळा बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवा, नाहीतर पानं करपतील. हिशोबही ठेवा. डेमीटरची (बायोडायनॅमिक शेतीला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) मर्यादा सरासरी हेक्टरी वर्षाला 3 किलो तांबं आहे, म्हणजे एकरी पावणेपाच किलोच्या आसपास मोरचूद. एकरी 200 लिटरच्या चार फवारण्यांतच 4 किलो जातं. दाट बागेत हा कोटा दिवाळीआधीच संपतो, आणि मग दुकानदाराची ‘जैविक’ बाटली गोड वाटायला लागते. बाटलीवर घटक छापलेले नसतील तर हात लावू नका. पोटॅशियम फॉस्फोनेट (रासायनिक बुरशीनाशक) निघालं तर युरोपचं सेंद्रिय प्रमाणपत्र गेलंच म्हणून समजा. शिंगखतही विकत कशाला घ्यायचं? गाय दारात, शेण गोठ्यात.

बाकीची कामं :
- शिंगं : दुभत्या गाईचं शेण भरून नवरात्रात पुरा, चैत्रात काढा.
- शिंगखत (बीडी 500) : एकरी 25 ग्रॅम, 13 ते 15 लिटर पाणी, तासभर दोन्ही दिशांनी घुसळून संध्याकाळी जमिनीवर.
- सिलिका (बीडी 501, शिंगात पुरलेली गारगोटीची पूड) : एकरी 1 ग्रॅम, पहाटे, आभाळ स्वच्छ असताना.
- सुरूच्या पानांचा काढा : पाऊस नसताना.
- छाटलेल्या काड्या : बांधावर ढीग नको, बारीक करून कंपोस्टमध्ये.

वारा पडलाय आणि पश्चिमेला ढग दिसताहेत? मग मजुरांना आजच सांगा, उद्या सकाळी फेल.