डच जोडशब्द: आधी सांधा शोधा, मग जोर द्या

डचमध्ये जोडशब्द सलग लिहितात. असा लांबलचक शब्द आपण डावीकडून एकेक अक्षर लावत वाचतो आणि तिथेच फसतो. समासाचा करतो तसा आधी विग्रह करा.

१. सांधा शोधा. शेवटच्या पदापासून मागे या, कारण मुख्य वस्तू तिथे असते. जोडणारा 'स' आधीच्या पदाचा: स्टाशॉन्स-प्लेइन, म्हणजे स्टेशनसमोरचा चौक. कधी सांधे दोन निघतात. क्वार्ट-स्लाखन म्हणजे पाव वळसे, क्वार्ट्स-लाखन म्हणजे क्वार्ट्झचे थर. लिहिताना दोन्ही एकच. तिथे वाक्यच निवाडा करते.

२. आता प्रत्येक पद वेगळे फोडा. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या अक्षरात जाते: टा-फल (टेबल). हा नियम सांधा ओलांडून मात्र लावू नका. रात्रीचे जेवण म्हणजे 'आवॉन्ट' अधिक 'एटन'. लिहिताना मध्ये 'ड' असतो. तो पहिल्या पदाच्या शेवटी येतो, म्हणून उच्चार 'ट' होतो. सांधा न पाहता 'आवॉन-डेटन' वाचले की 'ड' ऐकू येतो, आणि चूक लगेच कानाला लागते.

३. जोर बहुधा पहिल्या पदावर, आणि त्या पदाचा मूळचा जोर जिथे असेल तिथेच. 'स्टाशॉन' एकटा असताना जोर 'शॉन'वर, 'स्टाशॉन्सप्लेइन'मध्येही तिथेच. 'म्युझेयम'मध्ये जोर 'झे'वर असतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या 'रेइक्सम्युझेयम'मध्ये मुख्य जोर 'रेइक्स'वर सरकतो, 'झे'कडे दुय्यम उरतो. जोराचे अक्षर किंचित लांब आणि उंच स्वरात म्हणा. मराठीच्या सवयीने सगळी अक्षरे सारख्या वजनाने म्हटली, तर ऐकणाऱ्याला सांधा सापडत नाही.

जोर चुकला की काय होते ते 'मासाझबेट'मध्ये नीट दिसते. जोर 'सा'वर असेल तर तो मसाजचा पलंग. त्याच स्पेलिंगचे 'मासा' आणि 'खबेट' असे तुकडे करून जोर 'मा'वर दिला, की झाली सामूहिक प्रार्थना!

४. अपवाद पाठच करा. 'स्टाटहाउस' (नगरभवन) आणि 'बुर्खमेस्टर' (महापौर) यांत जोर दुसऱ्या पदावर आहे. क्रियापदांत तर अर्थच पालटतो: 'फोरकोमन'मध्ये 'फोर'वर जोर दिला तर 'घडणे, आढळणे', 'को'वर दिला तर 'टाळणे'.

गावांची नावे एकेक करून ऐकूनच शिकावीत. बरीच भारतीय कुटुंबे राहतात त्या आम्स्टलवेनमध्ये जोर शेवटच्या 'वेन'वर, तर आइंडहोवनमध्ये पहिल्या 'आइंड'वर.