केनियाला जायचंय? आधी पिवळ्या तापाची लस, मग तिकीट

गीरचे सिंह बघून झालेली बडोद्याची मंडळी आता केनियातल्या मसाई मारा अभयारण्याकडे वळली आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण आयुष्यात एकदा तरी बघावीच अशी ती जागा आहे. पण तयारीची सुरुवात बहुतेक जण उलट्या टोकाने करतात. आधी विमानाचं स्वस्त तिकीट दिसतं म्हणून ते काढून टाकायचं, मग पॅकेज, मग कपड्यांची खरेदी, आणि लसीचं काय ते निघायच्या आठवड्यात बघू. केनियाच्या बाबतीत हा क्रम पूर्ण फिरवावा लागतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

कारण असं की केनिया पिवळ्या तापाच्या म्हणजे यलो फीवरच्या देशांमध्ये धरला जातो. भारतातून तिकडे जाताना केनियावाले सहसा सर्टिफिकेट मागत नाहीत, पण परत येताना आपलंच सरकार मागतं. तो ताप पसरवणारा डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यूवालाच तो, पण हा आजार मात्र भारतात नाही, आणि तो येऊ नये म्हणून नियम इतका कडक ठेवलाय. सर्टिफिकेट नसेल किंवा त्याला दहा दिवस झालेले नसतील तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि एकदा लागू झालं की जन्मभर चालतं, पूर्वी दर दहा वर्षांनी लागायची ते २०१६ पासून बंद झालं.

आता ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि आरोग्य मंत्रालयाच्या वेबसाईटवर केंद्रांची यादी आहे. आधी फोन करा, मग जा. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि ती उघडली की सहा तासांत संपवावी लागते, त्यामुळे बरीच केंद्रं ठराविक वारीच लस देतात आणि तेवढी माणसं जमवून बोलावतात. कधी साठा नसतो, कधी पुढच्या दोन आठवड्यांचे नंबर भरलेले असतात. अहमदाबादला मिळत नसेल तर मुंबईला जायची तयारी ठेवा. ओरिजिनल पासपोर्ट लागतो, कारण सर्टिफिकेट म्हणून जी पिवळी पुस्तिका देतात तिच्यावर पासपोर्ट नंबर लिहितात. म्हणून पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो रिन्यू करा आणि मग लस घ्या, नाहीतर पुस्तिकेवर एक नंबर आणि हातात दुसरा पासपोर्ट असं होतं आणि मग जुना पासपोर्टही बरोबर वागवत बसावं लागतं. पासपोर्ट पोहोचायच्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने चालू हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. पुस्तिका हातात आली की तिथल्या तिथे नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, शिक्का, सही सगळं नीट वाचा, घरी येऊन नाही.

आई-बाबांना नेणार असाल तर हा पॅरा दोनदा वाचा. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढच्यांना, अंड्याची मोठी ॲलर्जी असणाऱ्यांना, गरोदर बायकांना, कीमो किंवा स्टिरॉइड चालू असणाऱ्यांना आणि नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना एकतर देत नाहीत किंवा फार विचार करून देतात. आमच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या एका काकांना सांधेदुखीसाठी स्टिरॉइड चालू होतं, डॉक्टरांनी लस घेऊ नका म्हणून स्पष्ट सांगितलं, आणि तोपर्यंत घरच्या सगळ्यांचं बुकिंग होऊन बसलेलं. लस देता येत नाही असं डॉक्टरांचं पत्र असलं तरी परत आल्यावर क्वारंटाईन टळेलच असं नाही. म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे सगळी औषधं घेऊन आधी जा, त्यांनी हो म्हटलं की लस, आणि मगच पैसे गुंतवा.

केनियाहून पुढे टांझानिया किंवा झांझिबार करणार असाल तर तिथे शिरताना पण हे सर्टिफिकेट मागतात. बरेच जण नकाशा बघून म्हणतात की मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटीचं जंगल तर एकमेकांना लागूनच आहेत, गाडीने इकडून तिकडे जाऊ, पण मधून टुरिस्टना बॉर्डर ओलांडता येत नाही. लांबून इसेबानियाच्या नाक्यावरून जावं लागतं आणि अख्खा दिवस जातो. पहिल्या खेपेला एकच देश करा असं माझं मत आहे.

कधी जायचं हा दुसरा मोठा प्रश्न, आणि इथे पैशाचा फरक फार आहे. लाखो विल्डबीस्ट, म्हणजे तिकडची मोठी, बैलासारखी दिसणारी हरणं, सेरेंगेटीतून माराकडे येतात आणि मगरींनी भरलेली नदी पार करतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. पण मसाई मारा रिझर्व्हची फी २०२४ पासून परदेशी मोठ्या माणसाला जानेवारी ते जून रोजची १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोजची २०० डॉलर अशी झालीय. म्हणजे जुलैनंतर चार मोठी माणसं तीन दिवस राहिली तर नुसती फीच २,४०० डॉलर. त्यामुळे एजंटचा आकडा स्वस्त वाटला तर पहिला प्रश्न हाच विचारा की पार्क फी यात धरलीय का आणि किती दिवसांची, आणि उत्तर लेखी घ्या. दिवाळीच्या सुट्टीत जायचा मोह होतो पण तेव्हा फी २०० ची, कळप बरेचसे परत गेलेले, आणि नोव्हेंबरात तिकडचा छोटा पाऊस सुरू होतो. शाळेचं बंधन नसेल तर मी जानेवारी-फेब्रुवारी सांगेन. कोरडी हवा, अर्धी फी, आणि सिंह, हत्ती, चित्ते, जिराफ बारा महिने तिथेच असतात. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, गाड्या चिखलात रुततात.

व्हिसा हा प्रकार केनियाने जानेवारी २०२४ पासून बंद केला, त्याऐवजी ऑनलाईन परवानगी लागते, ईटीए म्हणतात तिला. मुलांसकट प्रत्येकाची वेगळी, पासपोर्टचा स्कॅन, फोटो, हॉटेलचं बुकिंग आणि विमानाची माहिती लागते. सरकारी साईटवरूनच भरा, तशाच दिसणाऱ्या आणि जास्त पैसे उकळणाऱ्या साईट भरपूर आहेत. साईटचा पत्ता डॉट गो डॉट केई ने संपतोय का ते बघा. तीन दिवसांत होते म्हणतात पण तुम्ही दोन आठवडे आधी भरा.

इन्शुरन्स घेताना पॉलिसीत एअर इव्हॅक्युएशन, म्हणजे पेशंटला विमानाने हॉस्पिटलला हलवायचा खर्च, आहे का तेवढं नक्की बघा. माराच्या मध्ये काही झालं तर मोठं हॉस्पिटल नैरोबीला, रस्त्याने पाच-सहा तास. १९५७ पासून काम करणारी आम्रेफ या आरोग्यसंस्थेची फ्लाईंग डॉक्टर्स सेवा आहे, छोट्या विमानाने पेशंटला नैरोबीला आणतात आणि टुरिस्टना थोड्या दिवसांचं सदस्यत्व पण देतात. बरेच टूरवाले ते घेऊन देतात, विचारून घ्या.

मलेरियाचं वेगळं बघावं लागतं, पिवळ्या तापाच्या लसीचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे घरात पडून असलेली क्लोरोक्विनची गोळी तिथल्या मलेरियावर चालत नाही. डॉक्टर तुमची तब्येत बघून गोळी ठरवतील. कुठली दोन दिवस आधी सुरू होते, कुठली दोन-तीन आठवडे आधी, म्हणून हे पण लवकर विचारा. बरोबर डासांचं क्रीम, आणि संध्याकाळी पूर्ण बाह्या.

आता बॅग. आफ्रिका म्हणजे रणरणतं ऊन असं समजून लोक नुसते कॉटनचे शर्ट भरतात. नैरोबी जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर आहे, मारा पण दीड हजाराच्या वर. पहाटे सहाला उघड्या टपाच्या गाडीत उभं राहिलं की वाऱ्याने दात वाजतात, आणि बडोद्यात जानेवारीत घालतो त्यापेक्षा थोडं जाडच जॅकेट लागतं. कानटोपी घ्याच. दुपारी परत शर्टावर यायचं, म्हणून एकावर एक घालता येतील असे कपडे. रंग खाकी, मातकट, फिकट हिरवा. गडद निळा आणि काळा टाळा, त्से त्से नावाची चावरी माशी त्या रंगांवर धावून येते, तिला पकडायचे सापळे पण तिकडे निळ्या-काळ्या कापडाचेच करतात. आणि मिलिटरीसारखे कॅमोफ्लाजच्या छापाचे कपडे अजिबात नकोत, सामान्य माणसाने ते घालणं तिथे बेकायदा आहे. ड्रोन पण घरीच ठेवा.

नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टवरून छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर हँडबॅग धरून माणशी १५ किलो, आणि बॅग मऊ कापडी हवी, कडक ट्रॉलीबॅग घेत नाहीत.

सगळ्यात जास्त अडतं ते प्लास्टिकवर. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, २०२० पासून पार्कमध्ये पाण्याच्या एकदा वापरायच्या बाटल्या पण चालत नाहीत. आणि आपण तर भाकरवडी एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, चपला तिसरीत अशा भरतो. त्यामुळे फरसाण कंपनीच्या सीलबंद पाकिटात न्या नाहीतर स्टीलच्या डब्यात, कपड्यांना आणि चपलांना जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घ्या, आणि माणशी एक स्टीलची बाटली. थेपले, खाखरे, सुखडी एवढं पुरतं. नैरोबीत पार्कलँड्स भागात आपलं सगळं वाणसामान मिळतं, गुजराती लोक तिकडे कित्येक पिढ्या आहेत, आणि चपाती, समोसा, दुधाचा चहा तर तिथले लोक स्वतःच रोज खातात-पितात. जैन जेवण किंवा कांदा-लसूण नको असेल तर लॉजला आधी लेखी कळवा.

दुर्बीण माणशी एक, आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) उत्तम. एका दुर्बिणीत चौघं बसवले तर बिबट्या झाडावरून उतरून जातो तरी तिसऱ्याचा नंबर येत नाही. कॅमेऱ्याची मोठी लेन्स असेल तर जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही तोंडं शिवा, एका बाजूला चेन लावा, रिकामीच न्या आणि नैरोबीत दोन किलो तांदूळ भरा. गाडीच्या काठावर ठेवून त्यावर लेन्स टेकवली की हात हलत नाही. प्लग तिकडे इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा, दोन ॲडॅप्टर पुरतात.

पैसे थोडे डॉलरमध्ये, नोटा नव्या आणि न फाटलेल्या, जुन्या सालच्या नोटा बरेच जण घेत नाहीत. बाकी कार्ड. रुपये तिथे बदलायच्या भरवशावर जाऊ नका.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. बडोद्याहून ट्रेनने जाताना बोरिवलीला उतरणं सोयीचं. पण जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एक दिवस आधीच मुंबई गाठा, विश्वामित्री नदी चढली किंवा मुंबईत पाणी भरलं की त्या दिवशी कुठलीच ट्रेन वेळेवर नसते हे आपल्याला सांगायला नको.

परत आल्यावर मलेरियाच्या गोळ्या लगेच बंद करू नका. काही गोळ्या पुढे सात दिवस, काही चार आठवडे घ्याव्या लागतात. आणि पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर साधा व्हायरल असेल म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की आफ्रिकेला जाऊन आलोय, आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या.