वडिलांच्या १२१०ला नवं काऊल

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आमच्या जुन्या १२१० ट्रकचा तापमानाचा काटा लालमध्ये जायचा. रेडिएटर दोनदा धुतला, थर्मोस्टॅट बदलला, पैसे पाण्यात. खरं दुखणं फॅनच्या काऊलचं, म्हणजे पंख्याभोवतीच्या गोल कवचाचं. ते फुटलेलं, त्यामुळे पंखा जाळीतून हवा ओढायचं सोडून इंजिनाजवळची गरम हवाच घुसळत होता.

आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, मग १८ गेजचा पत्रा. पंख्याची पाती काऊलच्या निम्मी आत, निम्मी बाहेर. पाती अन् काऊलमधली फट अर्धाच इंच ठेवली, तिथं चुकलो. क्लच सोडताच इंजिन हललं अन् पातं कर्रकन घासलं. वेल्डिंगवाले मामा म्हणाले, "इंजिन रबरावर डुलतंय, काऊल रेडिएटरला बांधलंय. जागा ठिव की रं!"

एक इंच केली, कडेला रबरपट्टी लावली. आता भरल्या गाडीतही काटा मधेच. आवाज तेवढा वाढलाय.